टायर तापवायला आधी मी

७ फेब्रुवारी, रविवार

आज क्लाइव्हने माझ्या मिनी मोटारीचा तळ कापला. मी चहा घेऊन गॅरेजात गेले तर हा आत बसून कटर चालवतोय आणि दोन सीटांच्या मधून खालची फरशी दिसतेय. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी ही गाडी मी माझ्या पगारातून घेतली. दिवसभर फिरत्या वाचनालयाची अवजड गाडी डोंगरातल्या अरुंद रस्त्यांवरून हाकायची आणि संध्याकाळी हिच्यात बसून घरी यायचं, म्हणजे बूट काढून सपाता घातल्यासारखं वाटायचं. आता तिच्या पोटात हातभर रुंद खिंडार आहे.

"मला विचारलं होतंस?" मी म्हटलं.

"नाताळात विचारलं होतं. तू हो म्हणालीस."

"नाताळात मी तीन ग्लास शेरी प्यायले होते."

"म्हणून तर तेव्हा विचारलं."

त्याचा बेत असा. मिनीला पुढची चाकं ओढतात. ते जुनं इंजिन काढून टाकायचं, त्या जागी जपानी मोटरसायकलचं इंजिन बसवायचं, आणि तिथून लांब दांडा नेऊन मागच्या चाकांना फिरवायचं. त्या दांड्याला वाट हवी म्हणून हे खिंडार. सप्टेंबरात बार्कबी हॉलच्या चढावर आमच्या क्लबची शर्यत असते. एकेक गाडी खालून सोडतात आणि वर पोचायला किती वेळ लागला ते मोजतात. क्लाइव्ह तिथे जन्मभर दुसऱ्यांसाठी झेंडे हलवत उभा राहिला. यंदा म्हणे स्वतः चढणार. सहासष्टाव्या वर्षी, घरी वेल्ड केलेल्या डब्यात, मोटरसायकलच्या इंजिनाने. नसती उठाठेव. मी बोलले ते सगळं इथे लिहीत नाही.

१ मार्च, मंगळवार

क्लाइव्ह आज बॅरीबरोबर सुटे भाग आणायला गेला. बॅरी दोन गल्ल्या सोडून राहतो. बायको गेल्यापासून त्याच्या घरात माणसांपेक्षा लेथ मशीनला जास्त जागा आहे. सकाळी गेलेले चहाच्या वेळेला परत आले. हातात काही नाही.

"मिळाले नाहीत," क्लाइव्ह म्हणाला आणि सरळ वर जाऊन पडदे ओढून आडवा झाला. एक डोळा लालभडक, पाणी गळतंय. दारूचा वास आला नाही, म्हणजे व्हिस्की नसून आणखी काहीतरी असणार. बॅरीला विचारलं तर तो माझ्या पायपुसण्याकडे बघत म्हणाला, "वारा फार होता, मो."

गाडीच्या काचा बंद होत्या. मी काही काल जन्माला आलेली नाही.

१९ मार्च, शनिवार

वेल्डिंग मी शिकले. हे वाक्य लिहिताना माझं मलाच हसू येतंय. तीन आठवडे क्लाइव्हने माझ्या मागे उभं राहून शिकवलं. "घाई नको. आवाज ऐक. अंडं तळताना होतो तसा एकसारखा आला पाहिजे. तडतडला की हात हलला." जोड मी लावायचे, हा डोळे मिटून ऐकायचा आणि म्हणायचा, "तिथे परत मार." बघायचं तर सोडाच, वाकायचासुद्धा नाही. माणूस आळशी झालाय. एके काळी दुसऱ्याला पान्याला हात लावू द्यायचा नाही.

आज मात्र भांडण झालं. मागच्या चाकांसाठी मी केलेली चौकट त्याने हातात धरली आणि म्हणाला, "वाकडी आहे. मधेच फुगलीय." मी पट्टी लावून दाखवली. सरळसोट. त्याने पट्टीकडे पाहिलं, आणि पट्टीही वाकडी आहे म्हणाला. मग मी त्याला काय वाकडं आहे ते सांगितलं.

तो चौकटीच्या कडेवरून बोट फिरवत राहिला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग म्हणाला, "सरळ आहे. चुकलं माझं." पंचेचाळीस वर्षांच्या संसारात हे दोन शब्द मी त्याच्या तोंडून फार थोड्या वेळा ऐकलेत. मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

१२ एप्रिल, मंगळवार

पुन्हा बॅरी, पुन्हा सुटे भाग, पुन्हा रिकामे हात आणि लाल डोळा.

लिहूनच टाकते, म्हणजे डोक्यातून जाईल. क्लाइव्ह हल्ली बोलताना माझ्या तोंडाकडे बघत नाही. कानाकडे बघतो. कधी खांद्यापलीकडे, जणू माझ्या मागे कोणी उभं आहे. इतकी वर्षं जो माणूस भांडतानासुद्धा डोळ्याला डोळा देऊन भांडला, तो आता नजर टाळतो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच का? दुसरी बाई म्हणावं तर याला पाठीमुळे मोजे घालायला मी लागते. पण काहीतरी लपवतोय, आणि बॅरीला ते माहीत आहे.

संध्याकाळी त्याने मला चहा ओतून दिला. कप भरून बशी भरली, बशी भरून टेबलक्लॉथवर ओघळ आला तरी हा ओततोच आहे. "लक्ष कुठे आहे तुझं?" म्हणून ओरडले. "इंजिनात," तो म्हणाला.

८ मे, रविवार

आजचं आजच लिहून टाकते.

आज गाडी पहिल्यांदा चाकांवर उतरवली. मागच्या दोन चाकांच्या मधला गिअरचा गोळा, ज्याला हे दोघे डिफ म्हणतात, तो गेल्या आठवड्यात बसवला होता. बसवताना क्लाइव्ह खाली झोपून चाचपत होता आणि मी वरून सांगत होते, "बाण दिसतोय," म्हणजे कुठली बाजू वर ते दाखवणारी खूण. कुठे दिसतोय ते त्याने विचारलं. मी म्हटलं, वर. आता कळतंय, मी उलट्या बाजूने वाकून बघत होते.

"तू बस आत," क्लाइव्ह म्हणाला. "मला बाहेरून ऐकायचंय."

गाडीचं तोंड दाराकडे. इंजिन सुरू झालं तेव्हा गॅरेजचा पत्रा थरथरला. मी पहिला गिअर टाकला, क्लच हळूच सोडला आणि गाडी दाराकडे जायच्या ऐवजी मागे सुटली. मागच्या भिंतीला माझी फळी, फळीवर गेल्या वर्षीच्या टोमॅटोच्या आणि आलुबुखाराच्या चटणीच्या बरण्या. एकही राहिली नाही. मी ब्रेक दाबला तेव्हा मागच्या काचेवरून चटणी ओघळत होती.

बॅरी दारात उभा होता. त्याने टोपी काढली. "अभिनंदन, मो बाई. मोटरसायकलला रिव्हर्स गिअर नसतो, आणि तुझ्या गाडीला सहा आहेत. पुढे जायला तेवढा एकही नाही."

डिफ उलटं बसलं होतं. ते दोघे हसत सुटले, मीही हसले, आणि हसता हसता मला दिसलं की क्लाइव्हचं स्टूल भिंतीशी चेपून सपाट झालंय. रोज तो त्या स्टुलावर बसतो. आज ऐकायला म्हणून बाजूला उभा होता.

क्लाइव्हला मी सांगितलं, ही गाडी तुला मारणार. तो म्हणाला, "डिफ फिरवलं की सुधारेल." याच्याशी बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. पण एक गोष्ट मला सोडत नाही. हा माणूस झोपेतसुद्धा डिफ सुलट बसवेल. मी चुकीचं सांगितलं असेल, पण त्याने स्वतः बघितलं कसं नाही?

४ जून, शनिवार

डिफ सुलट झालं. आज सीट बसवली. शर्यतीच्या गाडीत सीट पुढेमागे सरकत नाही, चार बोल्टांनी तळाला कायमची ठोकतात. क्लाइव्हने मला आत बसवलं, पाय पेडलवर ठेवायला लावले, गुडघ्याशी हाताची मूठ धरून अंतर घेतलं, मनगट स्टिअरिंगवर टेकवून बघितलं.

"अरे, माझं माप काय घेतोस?" मी म्हटलं. "तू माझ्याहून डोकंभर उंच. तुझे गुडघे कानाशी येतील."

"वाकवीन."

"पाठ?"

"ती तर वाकलेलीच आहे."

बॅरी मध्येच काहीतरी बोलायला गेला. क्लाइव्हने त्याला तेरा नंबरचा पाना मागितला. बॅरीने पाना दिला आणि बाहेर जाऊन सिगरेट ओढली. गेली सात वर्षं तो सिगरेट ओढत नाही.

अंदाज चुकायला लागलेत क्लाइव्हचे. एवढ्या खर्चाची सीट आणि चुकीच्या जागी. मी दोनदा सांगितलं, आता सांगणार नाही.

३० जुलै, शनिवार

कळलं.

पठारावर युद्धाच्या वेळची जुनी धावपट्टी आहे, क्लब तिथे सराव करू देतो. गाडी नेली. बॅरीने दूरवर सुळके मांडले, रस्त्याच्या कामाला असतात तसे नारिंगी. क्लाइव्ह आत बसला, गुडघे खरंच पोटाशी. मी शेजारी बसले, कारण मरायचं तर दोघं मिळून.

त्याने गाडी अशी सोडली की मला माझं वय आठवलं. गिअर बदलताना हात इतका हलका की झटका म्हणून नाही. तरुणपणी मी याच्या याच हातावर भाळले होते. पहिला सुळका आला. तो वळला नाही. सुळका थेट समोर होता आणि क्लाइव्ह सरळ त्याच्याकडे बघत होता आणि वळत नव्हता. मी किंचाळले. सुळका टपावरून उडाला. त्याने ब्रेक मारला, गाडी गवतात शिरून थांबली.

"कुठे होता?" त्याने विचारलं.

"समोर. अगदी समोर."

"समोरचंच दिसत नाही, मो," तो म्हणाला.

मग सगळं सांगितलं. मागच्या शरद ऋतूपासून. दोन्ही डोळ्यांत मध्यभागी डाग आहे आणि तो वाढतोय. कडेचं दिसतं, मधलं जातं. सरळ रेषा त्याला फुगलेल्या दिसतात. माझा चेहरा बघायचा तर त्याला माझ्या कानाकडे बघावं लागतं. बॅरी त्याला सुटे भाग आणायला नेत नव्हता, रुग्णालयात नेत होता, डोळ्यात सुई घ्यायला. सुया घेऊन डाग थांबतो म्हणतात. याचा थांबला नाही.

मी काय म्हणाले असेन? मी म्हटलं, "आणि मला वाटलं तुझी कोणीतरी बाई आहे."

तो इतका हसला की बॅरी पळत आला, त्याला वाटलं आम्हाला लागलंय. हसत होता तेव्हाच मी रडायला लागले. कपभर चहा सांडला म्हणून मी या माणसावर ओरडले होते. वाकड्या पट्टीवरून काय काय बोलले होते.

घरी येताना गाडी मी चालवली. त्याने रस्ताभर माझ्या कानाकडे बघितलं.

३१ जुलै, रविवार

मला वाटलं होतं, आता विषय संपला. कुठलं संपायला.

"बार्कबीला मी जाणारच," नाश्त्याला क्लाइव्ह म्हणाला. "तो चढ मला पाठ आहे. कुठल्या झाडाशी आवाज कसा बदलतो ते सांगू शकतो."

"आणि वळणावर झेंडा घेऊन उभा असतो तो माणूस? तोही पाठ आहे?"

त्याने पाव पुढ्यात ओढला.

"मी क्लबला कळवते."

"कळव." पाव चाचपून त्याने लोणी लावलं, पावापेक्षा बोटाला जास्त. "फक्त एकदा, मो. एकदा वरपर्यंत. पुढच्या वर्षी मला चढ आहे की नाही तेसुद्धा दिसायचं नाही."

मी टेलिफोनपर्यंत गेले. उचलला. खाली ठेवला. एकदा म्हणाला. हा माणूस कधी काही मागत नाही.

दुपारी तोच आला. "एक गाडी दोघांनी चालवायची," म्हणाला. "नवराबायको, बापलेक, सगळे करतात. नाव दोघांचं देऊ. रिवाज माहितीय ना तुला? ज्याची गाडी तो मागून जातो. पहिला चढतो तो टायर तापवून देतो, थंड रबर घसरतं. तू आधी जा. मला गरम टायर मिळतील."

म्हणजे याच्या मरणाची वाट मी तापवून द्यायची. तरी मी हो म्हटलं. निदान गाडी आधी माझ्या हातात असेल. पुढचं पुढे.

२० ऑगस्ट, शनिवार

तीन शनिवार झाले, दर वेळी धावपट्टी. क्लबचा परवाना आला. क्लाइव्ह खुर्ची टाकून मध्यभागी बसतो, तोंड दुसरीकडे, आणि ऐकतो. मी थांबले की सांगतो. "तिसऱ्यातून चौथ्यात लवकर गेलीस. सुळक्याशी अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचललास. का उचललास? तिला उचललेलं आवडत नाही."

मागची चाकं ढकलायला लागली की गाडीची सगळी वागणूक बदलते. मागून कोणी हलकेच कमरेला हात लावावा तशी वळते. ही माझीच मिनी आहे हे खरं वाटत नाही.

एक कबूल करते, इथेच फक्त. मला मजा येते. वीस वर्षं पुस्तकांची गाडी सांभाळून चालवली, एक पुस्तक पडू दिलं नाही. आज शेवटच्या फेरीला इंजिन किंचाळत होतं आणि मी गात होते. मग खुर्चीतला क्लाइव्ह दिसला, कान लावून बसलेला, आणि लाज वाटली. त्याच्या गळ्याला फास बसणार त्याच दोरीवर मी झोके घेतेय.

१० सप्टेंबर, शनिवार

गाडी ट्रेलरवर चढली. उद्या.

दिवसभर एकच विचार. तो बसायला नको. कसं? शर्यतीच्या कारभाऱ्यांना सांगितलं तर सगळ्या क्लबसमोर, ज्या माणसांना त्याने चाळीस वर्षं झेंडे दाखवले त्यांच्यासमोर, त्याला गाडीतून उतरवतील. तो मला एका शब्दाने बोलणार नाही, आणि तेच मला सहन होणार नाही. पेट्रोलमध्ये काही टाकावं तर चढावर काय होईल कोण जाणे. चावी लपवावी तर गाडीला चावी नाही, बटण आहे.

बॅरीला विचारलं, "तू काही करू शकत नाहीस?"

"मो," तो म्हणाला, "क्लाइव्ह मूर्ख नाही."

"डोळ्यांपुढे काळोख आणि चढावर जायचं म्हणतो. मग मूर्ख कोणाला म्हणायचं?"

त्याने ट्रेलरचे पट्टे पुन्हा आवळले. ते आधीच आवळलेले होते. पुरुषांची ही एकी मला कधी कळली नाही.

११ सप्टेंबर, रविवार

जे घडलं ते घडलं तसं लिहिते.

पहाटेच पोचलो. गवतावर दव. तपासनीस गाडी बघायला आला तेव्हा क्लाइव्हने मला बेकनचे पाव आणायला पिटाळलं. परत आले तोवर तपासणी संपली होती आणि दारावर माझा एकटीचा नंबर चिकटला होता, एकसष्ट.

"तुझा कुठे?"

"तू आलीस की लावू. एकावर एक दिसले की वेळ मोजणारे गोंधळतात."

सकाळी प्रत्येकाला सरावाची फेरी असते. माझी पाळी आली. क्लाइव्हने खिडकीतून हात घालून माझे पट्टे आवळले, एकेक बकल चाचपून. "पाय उचलू नकोस," एवढंच म्हणाला, आणि बॅरीचा दंड धरून गवतातून वर चालायला लागला. मला आश्चर्य वाटलं. यानंतर त्याची फेरी, त्याने खाली थांबून कपडे चढवायला हवेत, आणि हा लोकरी स्वेटर घालून टेकडी चढतोय.

हिरवा दिवा लागला.

पहिलं वळण भिंतीच्या कडेने. दुसरं झाडांच्या बोगद्यात, ओलं. टायर थंड होते, मागची बाजू एकदा निसटली आणि हातांनी ती आपोआप पकडली, मी काही विचार केला नव्हता. मग लांब डावं वळण, जिथे सगळे पाय उचलतात. मी उचलला नाही. भीती वाटायलाही वेळ नव्हता. साठी ओलांडल्यावर अंगात असं काही उरलेलं असतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. शेवटच्या वळणाशी कुंपणाला टेकून क्लाइव्ह उभा होता, मान एका बाजूला कलती करून. मी त्याच्या पुढून गेले. तो हसत होता.

अंतिम रेषा ओलांडली. पुढे गाडी थांबवायला सरळ रस्ता असतो, दोन्हीकडे गवत, माणूस नाही. खाली ही गाडी त्याची वाट बघणार होती, टायर मी तापवून दिले होते. मी क्लच दाबला, गिअरचा दांडा चार वेळा खाली ढकलला, पाचव्यातून पहिल्यात, आणि त्या वेगात क्लच सोडून दिला.

इंजिन फुटलं. असा आवाज मी कधी ऐकला नव्हता, देवाने पुन्हा ऐकवू नये. मागची चाकं अडकली, गाडी आडवी झाली, गवतात जाऊन थांबली. खालून तेल वाहत होतं. सात महिन्यांचं काम. एकेक जोड मी लावलेला.

झेंडेवाला आग विझवायचं नळकांडं घेऊन धावत आला. मी म्हटलं, मी ठीक आहे. मागून बॅरीच्या दंडाला धरून क्लाइव्ह आला. त्याने बॉनेटवर तळवा ठेवला. बराच वेळ ठेवला.

"हात गोंधळला," मी म्हणाले. "वर जायचं तर खाली गेला."

"चार वेळा?"

मी पट्ट्यांची बकलं सोडवायला लागले.

"मो," बॅरी म्हणाला, "अगं, तुला कोणी सांगितलं की हा—"

"बॅरी, दोर आण," क्लाइव्ह म्हणाला. "ओढून न्यावी लागेल." बॅरी माझ्याकडे न बघता गेला.

मग क्लाइव्ह खिडकीशी वाकला आणि माझ्या कानाकडे बघत म्हणाला, "डाव्या वळणावर पाय उचलला नाहीस. ऐकलं मी. शेवटपर्यंत उचलला नाहीस." त्याचा आवाज फुटला होता. मला वाटलं इंजिनासाठी रडतोय, आणि मी हेल्मेटच्या आत हमसून रडले, कारण ते मी केलं होतं. तरी लिहून ठेवते, पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन. तो जिवंत घरी आला.

१२ सप्टेंबर, सोमवार

सकाळी सामान लावलं. माझे कपडे, माझे हातमोजे, माझं हेल्मेट. क्लाइव्हचं काहीच नाही. ट्रेलर बघितला, बॅरीची गाडी बघितली. शेवटी गॅरेजात गेले. त्याचं हेल्मेट खुंटीला होतं, आत हातमोजे एकात एक घालून नीट ठेवलेले, खाली त्याचा शर्यतीचा पोशाख घडी करून.

म्हणजे हेल्मेट नव्हतंच त्याच्याजवळ. बिनहेल्मेटचं कोणी त्याला सोडलं नसतं. मी ते इंजिन फोडलं नसतं तरी तो चढू शकला नसता.

तो स्वयंपाकघरात पाव चाचपून लोणी लावत होता.

"हेल्मेट घरीच राहिलं होतं तुझं," मी म्हटलं.

त्याचा हात थांबला.

"हो का?" तो म्हणाला. "विसरलो बघ."

"एवढा मोठा दिवस आणि हेल्मेट विसरलास?"

"म्हातारा झालो, मो."

मी त्याच्या हातातून सुरी घेतली आणि पावाला लोणी लावून दिलं. क्लाइव्ह कधी काही विसरत नाही. सुईच्या तारखासुद्धा त्याने वर्षभर पाठ ठेवल्या. पण विसरला म्हणतो तर विसरला असेल. मला त्याला आणखी काही विचारायचं धाडस झालं नाही.

खाऊन झाल्यावर तो म्हणाला, बॅरीच्या ओळखीत तसंच आणखी एक इंजिन आहे, बसवायला तुझी सीट काढावी लागणार नाही. मी म्हटलं, माझी सीट?

तो कप धुवायला लागला होता. पाण्याच्या आवाजात त्याने ऐकलं नाही.